मॅक मिनीला ४के १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडताना वेग नेमका कुठे अडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम४ चिपचा मॅक मिनी (२०२४ चा) घेतला आहे. सोबत २७ इंची ४के (३८४० × २१६० पिक्सेल) १४४ हर्ट्झचा नवा मॉनिटर आणि २७ इंची १४४०पी (२५६० × १४४०) ७५ हर्ट्झचा जुना, असे दोन आहेत. हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते तो आकडा, त्यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. दोन्ही एकाच यूएसबी-सी हबच्या (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीच्या) दोन एचडीएमआय पोर्टांना लावले आहेत. नवा एकटा लावला तरी ६० हर्ट्झच्या वर जात नाही, दुसरा जोडला की दोन्हींवर एकच चित्र दिसतं, जुन्यावरची अक्षरं धूसर वाटतात आणि मशीन झोपेतून उठलं की कधीकधी नवी स्क्रीन काळीच राहते. दोष मशीनचा, मॉनिटरचा की केबलचा?

पहिल्या दोन तक्रारी सरळ हबच्या आहेत. मशीन आणि मॉनिटर दोन्ही ठणठणीत आहेत. हब बाजूला ठेवा. नव्या मॉनिटरला मिनीच्या पाठीमागच्या थंडरबोल्ट पोर्टातून (यूएसबी-सीच्याच आकाराचा, पण जास्त वेगाचा पोर्ट) यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच मॉनिटर जोडण्याची दुसरी पद्धत) अशी एकसंध केबल लावा आणि जुन्याला मिनीच्या एचडीएमआय पोर्टातून थेट केबल द्या. बहुतेकांचं काम इथेच होईल. उरलेल्यांसाठी, आणि ‘केबल तर बदलली, तरी ६०च’ असं होऊ नये म्हणून, पुढचं सगळं.

आधी बँडविड्थचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा न्यावा लागतो त्याचा हिशेब करू, कारण तो एकदा जमला की दुकानदाराच्या आणि खोक्यावरच्या शब्दांवर विसंबावं लागत नाही. आडवे पिक्सेल गुणिले उभे पिक्सेल, गुणिले हर्ट्झ, गुणिले प्रत्येक पिक्सेलचे बिट्स. ८ बिट रंग असेल तर लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट्स आणि १० बिट असेल तर ३०. त्यावर दोन फ्रेमांमधल्या रिकाम्या वेळेसाठी थोडी भर पडते. हे धरून ४के ६० हर्ट्झला ८ बिटमध्ये साधारण १२.५ गिगाबिट प्रति सेकंद लागतात. ४के १२० ला ८ बिटमध्ये २५.८, १० बिटमध्ये ३२.३. तुमच्या ४के १४४ ला १० बिटमध्ये सुमारे ३९. आणि १४४०पी ७५ हर्ट्झला जेमतेम ७.

आता वाहून नेणारे बघा. खोक्यावर छापलेला आकडा आणि चित्रासाठी खरोखर उरणारा आकडा वेगळा असतो, कारण काही हिस्सा सिग्नलच्या सांकेतिक बांधणीत जातो. एचडीएमआय २.० वर १८ लिहिलेलं असतं, चित्राला १४.४ मिळतात. डिस्प्लेपोर्ट १.४ चे ३२.४ म्हणतात, मिळतात २५.९. एचडीएमआय २.१ चे पूर्ण ४८ असतील तर हाती सुमारे ४२.६ येतात. म्हणजे ४के १४४, १० बिट हे एचडीएमआय २.१ च्या पूर्ण वाटेवर जसंच्या तसं बसतं, पण डिस्प्लेपोर्ट १.४ वर बसत नाही. तिथे डीएससी नावाचं कॉम्प्रेशन मदतीला येतं. ते डेटा साधारण एक तृतीयांशापर्यंत दाबू शकतं आणि रोजच्या कामात डोळ्याला फरक कळत नाही. मिनी आणि मॉनिटर दोघांनाही डीएससी येत असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ वरून ४के १४४ आरामात जातं. डीएससीच्या नावाने नाक मुरडण्याचं कारण नाही. आज बाजारात मिळणारे ४के १४४ चे बहुतेक मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर त्याच्याच जोरावर तो आकडा लिहितात.

हब कुठे मार खातो ते आता लक्षात येईल. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. थेट डिस्प्लेपोर्ट केबल लावली तर चारही चित्राला मिळतात. हबला मात्र त्याच केबलमधून यूएसबी ३ चा डेटाही न्यायचा असतो, म्हणून तो दोन जोड्या डेटाला देतो आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.४ वेगाच्या दोन जोड्या म्हणजे १२.९६ गिगाबिट. ४के ६० ला लागतात १२.५. काठोकाठ भरलं, वर जायला जागाच नाही. हब जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ वर चालणारा असेल तर दोन जोड्यांत ८.६४ च मिळतात आणि मग ४के ३० वर समाधान मानावं लागतं. माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो तो इथेच. त्याशिवाय हबच्या आत डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणारी चिप असते आणि ती कोणत्या पिढीची आहे हे खोक्यावर क्वचितच लिहितात.

दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येण्याचं कारण आणखी वेगळं आहे. असे दोन-दोन एचडीएमआयचे हब एमएसटी नावाच्या पद्धतीने एका डिस्प्लेपोर्ट वाटेचे दोन फाटे करतात. विंडोजला ते चालतं. मॅकओएस दोन वेगळ्या स्क्रीनसाठी एमएसटी वापरतच नाही. म्हणून मॅकवर दोन्ही फाट्यांना एकच चित्र जातं. एका मॉनिटरमधून दुसऱ्यात डिस्प्लेपोर्टने साखळी जोडली तरी हेच होतं. ही सेटिंगने सुटणारी गोष्ट नाही, तेव्हा त्यात संध्याकाळ घालवू नका.

मिनीच्या मागे काय काय आहे

एम४ मिनीच्या पाठीमागे तीन थंडरबोल्ट ४ पोर्ट आणि एक एचडीएमआय आहे. समोरचे दोन यूएसबी-सी पोर्ट दिसायला तसेच असले तरी त्यांतून चित्र बाहेर पडत नाही, ते १० गिगाबिटच्या यूएसबीचे आहेत. ‘केबल नवी, मॉनिटर नवा, तरी नो सिग्नल’ या तक्रारीत आधी हेच तपासा. छोट्या डब्याच्या मागे हात घालणं अडचणीचं असतं, म्हणून माणूस सहज पुढच्या पोर्टात खुपसतो.

किती मॉनिटर चालतील याचे ॲपलने दोन पर्याय दिले आहेत आणि ते नीट वाचावे लागतात. एम४ वर तीन मॉनिटर लावायचे तर दोन थंडरबोल्टवर ६के ६० हर्ट्झपर्यंत आणि तिसरा थंडरबोल्टवर ५के ६० किंवा एचडीएमआयवर ४के ६० पर्यंत. दोनच लावायचे तर एक थंडरबोल्टवर ५के ६० पर्यंत आणि दुसरा थंडरबोल्ट किंवा एचडीएमआयवर ८के ६० किंवा ४के २४० पर्यंत. एम४ प्रोमध्ये पोर्ट थंडरबोल्ट ५ चे आहेत आणि मर्यादा सैल आहे: तिन्ही मॉनिटर ६के ६० पर्यंत, किंवा दोन लावले तर एक ६के ६० आणि एक ८के ६० किंवा ४के २४०.

‘८के ६० किंवा ४के २४०’ ही जोडी काही योगायोग नाही. दोन्हींत दर सेकंदाला बरोबर तेवढेच पिक्सेल काढावे लागतात, सुमारे १९९ कोटी. ६के ६० म्हणजे १२२ कोटी, ४के १४४ म्हणजे ११९ कोटी, ५के ६० म्हणजे ८८ कोटी. ८के ६० किंवा ४के २४० चा एक मॉनिटर लावला की तिघांचे दोनच होतात, म्हणजे तो एकटा दोघांची जागा अडवतो. तुमच्या जोडीत ४के १४४ हा वेगवान मॉनिटर आणि १४४०पी ७५ हा हलका, सुमारे २८ कोटींचा. दोन मॉनिटरच्या पर्यायात हे सहज मावतं.

पुढे-मागे तिसरा मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर मात्र थांबा. तिसरा लावला की तुम्ही पहिल्या पर्यायात जाता आणि तिथे एचडीएमआयवर ४के ६० एवढंच आश्वासन आहे, थंडरबोल्टवरही सगळे आकडे ६० हर्ट्झचे आहेत. तसंच दोन्ही मॉनिटर ४के १४४ चेच हवे असतील तर पिक्सेलच्या बेरजेने ४के १४४ हे ६के ६० च्या आत बसताना दिसतं, पण एम४ च्या यादीत ही जोडी लिहिलेली नाही. यादीत नसलेल्या जोडीसाठी पैसे गुंतवायचे तर परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि मुदतीच्या आत दोन्ही मॉनिटर एकदम लावून बघा. एकेक लावून झालेली चाचणी इथे उपयोगाची नाही.

केबल निवडताना

नव्या मॉनिटरसाठी एचडीएमआय २.१ की डिस्प्लेपोर्ट? दोन्हींनी १४४ मिळू शकतं. माझा कल स्पष्टपणे यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलकडे आहे. एक कारण म्हणजे ॲडॉप्टिव्ह सिंक, म्हणजे येणाऱ्या चित्राच्या वेगाप्रमाणे मॉनिटरने आपला रिफ्रेश रेट बदलत राहणं. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर ते डिस्प्लेपोर्टने चालतं आणि मॉनिटरच्या मेनूत चालू केलं की रिफ्रेश रेटच्या यादीत ‘व्हेरिएबल’ असा पर्याय दिसू लागतो. दुसरं कारण रंगांचं. एचडीएमआयवरून मॅक कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतो आणि आरजीबीऐवजी (लाल-हिरवा-निळा) टीव्हीच्या पद्धतीचा रंगसिग्नल पाठवतो. मग काळा रंग राखाडी दिसतो, लाल अक्षरांच्या कडा विस्कटतात. डिस्प्लेपोर्टवर ही भानगड अगदीच कमी.

ही केबल घेताना तीन गोष्टी बघा. वर्णनात डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा ‘८के ६०’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘४के’ लिहिलेली केबल बहुधा १.२ ची निघते. लांबी दोन मीटरच्या आत ठेवा, दीड मीटर उत्तम. आणि दिशा बघा: यूएसबी-सी कडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारी हवी. यांतल्या बऱ्याच केबल एकाच दिशेने चालतात. ज्यांना ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टातून यूएसबी-सीवाल्या मॉनिटरकडे जायचं आहे त्यांना ‘दोन्ही दिशांनी चालणारी’ अशी मागून घ्यावी लागते, पण मिनीला तिची गरज नाही.

मॉनिटरला यूएसबी-सी पोर्ट असेल तर यूएसबी-सी ते यूएसबी-सी हाही सुटसुटीत मार्ग आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. फोनच्या चार्जरसोबत आलेली केबल दिसायला तीच असते, मात्र तिच्यात बहुधा यूएसबी २ च्या तारा असतात, त्या वेगवान जोड्या नसतातच. चार्जिंग होईल, चित्र येणार नाही. दुसरा खड्डा मॉनिटरच्या आतल्या हबचा. मॉनिटरच्या मागे यूएसबी ३ चे पोर्ट असतील तर तोही वर सांगितलेलाच खेळ करतो: दोन जोड्या डेटाला, दोन चित्राला. अशा मॉनिटरच्या मेनूत बहुतेक वेळा यूएसबी-सीची प्राथमिकता निवडता येते, डेटाचा वेग की चित्राचा दर्जा. चित्राचा दर्जा निवडलात की मॉनिटरमागचे यूएसबी पोर्ट २.० च्या वेगावर येतात. कीबोर्ड-माउसला ते पुरेसं आहे, बाहेरची एसएसडी मात्र तिथून काढून थेट मिनीला लावा.

एचडीएमआयने जायचंच असेल तर केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ या नावाची घ्या. ‘२.१’, ‘८के’, ‘गोल्ड प्लेटेड’ हे शब्द कोणीही छापू शकतं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत सगळीकडे ते छापलेले दिसतात. खऱ्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असतं आणि एचडीएमआयच्या अधिकृत प्रमाणन ॲपने ते स्कॅन करून तपासता येतं. लांबी तीन मीटरच्या आत. आणि मॉनिटरवर ‘एचडीएमआय २.१’ लिहिलं म्हणजे पूर्ण ४८ गिगाबिट आहेत असं धरू नका. काही मॉनिटरांत तो पोर्ट २४ गिगाबिटचाच असतो आणि उरलेलं डीएससीवर भागवतो. काहींत तर नाव २.१ चं आणि वेग २.० चा. म्हणून खोकं न बघता मॉनिटरच्या मॅन्युअलमधला तक्ता बघा, कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ ते तिथे वेगवेगळं दिलेलं असतं.

जुन्या १४४०पी मॉनिटरला ७ गिगाबिट लागतात, त्याला कोणतीही साधी हाय स्पीड एचडीएमआय केबल चालेल. काही जुने मॉनिटर एचडीएमआयवर १४४०पी फक्त ६० हर्ट्झला दाखवतात. तसं झालं तर त्यालाही यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल द्या, मागे तीन पोर्ट आहेतच. मिनीच्या एचडीएमआयला साधा अडॅप्टर लावून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात जाण्याचा उद्योग मात्र करू नका. डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय करणं सोपं असतं, उलट दिशेला वेगळी वीज घेणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो आणि त्यात वेग जातो.

जोडणी

मिनी बंद करा. दोन्ही मॉनिटरचे वीजप्लग काढून अर्धा मिनिट थांबा, नुसतं बटण दाबून उपयोग नाही. मॉनिटर आधीची ओळख आणि ठरलेला वेग आत धरून बसतो, तो यामुळे सुटतो. मग नव्या मॉनिटरची केबल मागच्या थंडरबोल्ट पोर्टात घाला. जुना अजून जोडू नका.

मॉनिटर चालू करून मिनीच्या सेटिंग्जच्या आधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जा. तिथे डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ की १.४ अशी निवड असेल तर १.४ करा. कारखान्यातून काही मॉनिटर सुसंगततेसाठी १.२ वर ठेवून येतात आणि केबल बदलूनही ६० च दिसण्याचं हे सगळ्यात वारंवार सापडणारं कारण आहे. डीएससी चालू-बंद करण्याचा पर्याय असेल तर चालू ठेवा. बंद असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ वर ४के ला ८ बिटमध्ये १२० पर्यंतच जाता येतं: लागणारे २५.८, मिळणारे २५.९. यादीत १२० दिसतं पण १४४ नाही, तर बोट इथेच ठेवा. इनपुट आपोआप शोधण्याचा पर्याय बंद करून डिस्प्लेपोर्ट पक्का निवडा.

आता मिनी सुरू करा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघडा, नवा मॉनिटर निवडा, रिफ्रेश रेटमध्ये १४४ घ्या. लगेच १४४ वर उडी न मारता आधी १२० वर दहा मिनिटं काम करून बघितलं तर केबलची ताकद कळते. मग जुना मॉनिटर एचडीएमआयला जोडा आणि नव्याचे १४४ टिकून आहेत ना ते परत बघा.

सेटिंग्जमधल्या आकड्यावर थांबू नका. ऑप्शनची कळ दाबून ॲपल मेनू उघडला की सिस्टिम इन्फर्मेशन दिसतं. त्यातल्या ग्राफिक्स विभागात प्रत्येक मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ लिहिलेलं असतं. त्याच वेळी मॉनिटरच्या मेनूतलं माहितीचं पान बघा, त्याला प्रत्यक्षात काय मिळतंय ते तो सांगतो. दोन्ही जुळायला हवेत. डोळ्याने खात्री करायची तर टेस्टयूएफओ ही वेबसाइट उघडा, ६० आणि १४४ च्या पट्ट्यांतला फरक लगेच दिसतो.

अक्षरं धूसर का दिसतात

ही तक्रार वेगाशी संबंधित नाही, पण सगळ्यात जास्त वेळ डोळ्यांसमोर तीच असते, म्हणून जरा थांबून सांगतो. मॅकओएसची बांधणी दोन घनतांच्या भोवती आहे: इंचाला साधारण ११० पिक्सेल किंवा त्याच्या दुप्पट, २२०. २७ इंची १४४०पी म्हणजे १०९, २७ इंची ५के म्हणजे २१८. २७ इंची ४के पडतो १६३ वर, मधल्या जागी.

४के वर ‘२५६० × १४४० सारखं दिसेल’ असं माप निवडलं की मॅक आधी ५१२० × २८८० चं चित्र रंगवतो आणि मग ते ३८४० × २१६० मध्ये उतरवतो. म्हणजे प्रत्येक फ्रेमला १.७८ पट पिक्सेल, तेही सेकंदाला १४४ वेळा. एम४ ला रोजच्या कामात ते जड जात नाही. खेळ किंवा थ्रीडी कामात अडखळायला लागलं तर तेवढ्यापुरतं ‘१९२० × १०८०’ चं माप घ्या. ते बरोबर दुप्पट असल्याने जास्तीचं रंगवावं लागत नाही आणि अक्षरं सर्वांत धारदार येतात, फक्त सगळं मोठं दिसतं.

जुन्या १४४०पी मॉनिटरची अडचण वेगळी. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा सबपिक्सेलच्या (एका पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांच्या) मदतीने गुळगुळीत करणं थांबवलं. विंडोजवर त्याच मॉनिटरवर ठसठशीत दिसणारी अक्षरं मॅकवर म्हणून फिकी वाटतात. देवनागरीला हे जास्त बोचतं. रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घाच्या वेलांट्या आणि ‘ष्ट्य’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं यांना १०९ च्या घनतेत पिक्सेलच पुरत नाहीत. मराठी मजकुराचं मुद्रितशोधन किंवा मांडणी करायची असेल तर ते काम नव्या ४के मॉनिटरवर घ्या आणि जुन्यावर मेल, फाइल, संगीत असलं ठेवा. बेटरडिस्प्ले हे ॲप जुन्या मॉनिटरवरही दुप्पट घनतेचं चित्र रंगवून खाली उतरवू शकतं, त्याने थोडा फरक पडतो. पण पिक्सेल नाहीत तिथे ते आणता येत नाहीत.

हेच ॲप एचडीएमआयच्या रंगांसाठीही कामी येतं, कारण आरजीबी पूर्ण पट्टा की टीव्हीचा मर्यादित पट्टा ही निवड मॅकच्या सेटिंग्जमध्ये दिलेली नाही. आधी मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयची काळ्याची पातळी किंवा रंगपट्टा असा पर्याय शोधा. तिथे जुळलं तर ॲपची गरज नाही.

तुम्ही मजकुरासाठीच मॉनिटर घेत असता तर मी २७ इंची ५के ६० हर्ट्झकडे बोट दाखवलं असतं. दिवसभर पानं सरकवणं, टाइमलाइन ओढणं, मधूनच खेळ, असं मिश्र काम असेल तर ४के १४४ हीच योग्य निवड आहे.

बिघाड कसा वाचायचा

दर काही मिनिटांनी स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते: वेगवान जोडणी तुटून पुन्हा जुळते आहे. ९० टक्के वेळा असं काही मी म्हणणार नाही, पण संशयाचं पहिलं ठिकाण केबलच. १२० वर उतरा. थांबलं तर केबल बदला किंवा आखूड करा. १२० वरही होत असेल तर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पट्टा दाखवणारा मोड) बंद करून बघा, मग पोर्ट बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही.

एचडीएमआय २.० वर ४के ६० असताना पांढरे ठिपके चमकत असतील तर तीही केबलच. राखाडी पार्श्वभूमी हलकेच लुकलुकत असेल, विशेषतः ओएलईडी किंवा व्हीए पॅनेलवर, तर ते व्हेरिएबल रिफ्रेशमुळे. यादीतून स्थिर १४४ निवडा, लुकलुक थांबेल.

झोपेतून उठल्यावर काळी स्क्रीन: मॉनिटरच्या मेनूत गाढ झोपेचा किंवा वीजबचतीचा पर्याय असतो, तो बंद करा. गाढ झोपेत गेलेला मॉनिटर मिनीच्या हाकेला वेळेत उत्तर देत नाही आणि मिनी त्याला गैरहजर धरतो. इनपुट आपोआप शोधणं चालू असेल तर मॉनिटर दुसऱ्याच पोर्टवर भटकत असतो. मधला हब काढून टाकल्यावर ही तक्रार बहुधा निम्मी आपोआप जाते. दोन मॉनिटर एकाच मॉडेलचे असतील तर उठल्यावर डावे-उजवे बदलण्याचा प्रकारही होतो, कारण काही मॉनिटर स्वतःचा वेगळा क्रमांक नीट कळवत नाहीत. एकाला एचडीएमआय आणि एकाला थंडरबोल्ट दिलं की बहुतेक वेळा मॅकला ओळख पटते.

लॅपटॉप आणि मिनीमध्ये मॉनिटर वाटून घेण्यासाठी केव्हीएम स्विच लावायचा विचार असेल तर चित्र त्यातून नेऊ नका. ४के १४४ पेलणारे स्विच महाग असतात आणि स्वस्त स्विच नेमका तोच दुवा कच्चा करतो. लॅपटॉप मॉनिटरच्या दुसऱ्या इनपुटला लावा, कीबोर्ड-माउससाठी साधा यूएसबी स्विच घ्या आणि मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदला.

थंडरबोल्ट डॉक ही हबपेक्षा वेगळी चीज आहे. तो डिस्प्लेपोर्टचा सिग्नल ४० गिगाबिटच्या वाटेतून आत गुंडाळून नेतो, त्यामुळे एमएसटीशिवाय दोन वेगळ्या स्क्रीन देऊ शकतो. चित्राचा वाटा आधी राखला जातो आणि त्याच डॉकवरची एसएसडी उरलेल्यात चालते, हे लक्षात ठेवा. पण मिनीला मागे चार चित्रवाटा असताना फक्त मॉनिटरसाठी डॉक घेण्यात अर्थ नाही. डिस्प्लेलिंकचे अडॅप्टर तर इथे नकोतच. ते चित्र प्रोसेसरवर दाबून यूएसबीने पाठवतात, त्यांना स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि वेगवान मॉनिटरचा सगळा फायदा त्यात विरतो.

मिनीऐवजी विंडोज किंवा लिनक्सचा छोटा पीसी असणाऱ्यांसाठी दोन ओळी. इंटेल एन१०० चे स्वस्त डबे ४के ६० पर्यंतच जातात, केबल कोणतीही लावा. यूएसबी-सी पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह नसेल तर त्यातून चित्र येईलच असं नाही, मॅन्युअल बघा. आणि एएमडीच्या ग्राफिक्सवर लिनक्स चालवत असाल तर वेगवान मॉनिटर डिस्प्लेपोर्टनेच जोडा. एचडीएमआय २.१ चा आधार खुल्या ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचं २०२४ च्या सुरुवातीला समोर आलं होतं.

तुमच्या जोडणीसाठी खरेदी एकच: दीड मीटरची यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट १.४ केबल. जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल तुमच्याकडे आहेच. हब फेकू नका, तो मिनीच्या पुढच्या यूएसबी-सी पोर्टात लावून कार्ड रीडर आणि पेनड्राइव्हसाठी ठेवा. केबल बदलल्यावरही यादीत १४४ आलं नाही तर तीन गोष्टी कळवा: मॉनिटरच्या माहिती पानावर दिसणारं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ, त्याच्या मेनूत निवडलेली डिस्प्लेपोर्टची आवृत्ती आणि केबलवर किंवा खोक्यावर छापलेला मजकूर जसाच्या तसा.